पोलीस ठाणं, बिशप हाऊस की दिवाणी कोर्ट?

लहानपणी चर्चमध्ये, धर्मशिक्षणाच्या वर्गात किंवा मिशनच्या बोर्डिंगमध्ये एखाद्या फादरांनी केलेल्या अत्याचाराविरुद्ध आता मोठेपणी काही करावं, असं मनात असलेल्या माणसाला मी सगळ्यात आधी घटनेचं साल विचारतो. नाव, गाव, चर्च हे नंतर. कारण घटना १४ नोव्हेंबर २०१२ च्या आधीची की नंतरची, यावर निम्मं प्रकरण ठरतं. त्या दिवशी पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा लागू झाला, आणि फौजदारी कायदा मागच्या तारखेनं लावता येत नाही.

घटना त्या तारखेनंतरची असेल तर तुमची बाजू कायद्यानं बरीच भक्कम केलेली आहे. मुलगा-मुलगी भेद नाही, वय अठरापर्यंत. धार्मिक संस्थेच्या कर्मचाऱ्यानं किंवा विश्वासाच्या जागेवरच्या माणसानं केलेला अत्याचार ‘गंभीर’ वर्गात जातो आणि शिक्षा वाढते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गंभीर वर्गातल्या प्रवेशी (शरीरात प्रवेश झालेल्या) लैंगिक हल्ल्याला किमान वीस वर्षं आहेत. तक्रार करताना तुम्ही अठरा पूर्ण केलेले असलात तरी चालतं. २०१८ मध्ये केंद्र सरकारनंही तसं स्पष्ट केलं. शेरेबाजी, पाठलाग, अश्लील चित्रं दाखवणं अशा छळाला मात्र शिक्षाच तीन वर्षांपर्यंत असल्यानं कोर्टानं गुन्ह्याची दखल घ्यायची तीन वर्षांची मुदत आडवी येते.

घटना आधीची असेल तर जुनी भारतीय दंडसंहिता लागते. मुलीवरच्या बलात्काराला कलम ३७६, मुलावरच्या अनैसर्गिक संभोगाला ३७७. दोन्हींत जन्मठेपेपर्यंत शिक्षा असल्यानं मुदतीचा प्रश्नच येत नाही. १९८५ ची घटना आजही नोंदवता येते. पण तेव्हाची बलात्काराची व्याख्या फार अरुंद होती. हात लावणं, कुरवाळणं, कपडे काढायला लावणं हे मुलीच्या बाबतीत कलम ३५४ मध्ये जायचं, त्याला तेव्हा कमाल दोन वर्षं शिक्षा, म्हणून मुदत तीन वर्षं. विलंब माफ करायचा अधिकार कोर्टाला आहे, तीस वर्षांचा विलंब माफ होईल या भरवशावर मात्र कोणी बसू नये. ३५४ हे कलम फक्त स्त्रीसाठी असल्यानं मुलांच्या बाबतीत तर तेवढाही आधार नव्हता. गोव्याचं थोडं वेगळं: तिथे २००३ पासून राज्याचा स्वतःचा बाल कायदा आहे आणि वेगळं बाल न्यायालय आहे. म्हणजे म्हापशातली २००७ ची घटना आणि वसईतली २००७ ची घटना, दोन्हींना वेगवेगळे कायदे लागतात.

पोलीस ठाण्यात प्रत्यक्षात काय होतं? बहुतेक ठिकाणी ठाणे अंमलदार आधी म्हणतो, ‘अर्ज द्या, चौकशी करतो.’ तुम्ही अर्ज देता, ‘आवक’चा शिक्का मारून मिळतो, आणि तुम्हाला वाटतं गुन्हा नोंदला गेला. तो नोंदलेला नसतो. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर घेणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात सांगून ठेवलंय. नाकारलं तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवायचं, मग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. एफआयआरच्या छापील नमुन्यात तक्रारीला उशीर का झाला याचा एक रकाना असतो. तो ‘घाबरल्यामुळे’ एवढ्या एका शब्दावर सोडू नका. फादर घरी जेवायला यायचे, आई त्यांच्या पाया पडायची, तेव्हा कोणाला सांगणार होतो, हे तिथे तुमच्या शब्दांत आलं पाहिजे. पुढे उलटतपासणी याच रकान्यावरून होते.

आणि हा मार्ग लांबचा आहे. गोवंडीच्या शिवाजीनगरमधल्या चर्चमध्ये २०१५ साली तेरा वर्षांच्या मुलावर अत्याचार झाला. विशेष न्यायालयानं त्या धर्मगुरूला जन्मठेप सुनावली ती डिसेंबर २०२१ मध्ये. पोक्सोच्या कलम ३५ मध्ये शक्यतो एका वर्षात निकाल असं लिहिलंय, ते वाचून हुरळून जाऊ नये. केरळातल्या कोट्टियूरच्या प्रकरणात (धर्मगुरूच्या अत्याचारातून अल्पवयीन मुलीला मूल झालं होतं) तर मुलीनं कोर्टात साक्ष फिरवली, तरी २०१९ मध्ये वीस वर्षांची शिक्षा झाली (पुढे उच्च न्यायालयानं ती दहावर आणली), कारण डीएनए आणि मुलीच्या जन्मतारखेचे पुरावे बोलत होते. तीस वर्षांपूर्वीच्या घटनेत डीएनए नसतो. तिथे तुमचा जबाब आणि दुसरं कोणी पुढे आलं तर त्याचा जबाब, यावरच सगळं उभं राहतं.

आता बिशप हाऊस, म्हणजे धर्मप्रांताचं मुख्य कार्यालय. अनेकांना हाच मार्ग आधी सुचतो, आणि मी त्यांना हसत नाही. ज्याच्या घरात रोज संध्याकाळी रोझरी होते, त्याला फादरांविरुद्ध ठाण्याची पायरी चढणं म्हणजे काय ते बाहेरच्याला कळणार नाही. चर्चचा स्वतःचा कायदा २०१९ पासून बराच बदललाय. ‘वोस एस्तिस लुक्स मुंदी’ या पोप फ्रान्सिस यांच्या आदेशानं (२०२३ मध्ये तो सुधारला) तक्रार घेण्याची व्यवस्था प्रत्येक धर्मप्रांताला बंधनकारक केली, आणि तक्रारदाराला ‘गप्प राहा’ अशी अट घालता येणार नाही असं ठरवलं. फादर एखाद्या धर्मसंघाचे असतील तर तक्रार त्यांच्या प्रोव्हिन्शियलकडेही (संघाच्या प्रांतप्रमुखाकडे) द्या. चर्चची मुदत तुम्ही अठरा वर्षांचे झाल्यापासून वीस वर्षं, म्हणजे अडतिसाव्या वर्षापर्यंत. त्यापुढचं प्रकरण असेल तर रोमला मुदत शिथिल करता येते. सर्वात मोठी शिक्षा धर्मगुरुपदावरून काढून टाकणं. तुरुंग नाही, आणि तुम्ही तिथे बहुतेक वेळा पक्षकार नसता, साक्षीदार असता. कोट्टियूरच्या त्या धर्मगुरूला पोपनी काढलं ते कोर्टाच्या शिक्षेनंतर. हा क्रम लक्षात ठेवावा.

कन्फेशनमध्ये सांगणं म्हणजे तक्रार नव्हे. ते ऐकणारा फादर कितीही हळहळला तरी त्याला ते कुठे सांगता येत नाही आणि कागदावर काहीच येत नाही. कार्यालयात, लेखी, पोच घेऊन सांगा.

अजून एक गोष्ट बिशप हाऊसला जायच्या आधी माहीत असावी. घटना पोक्सोच्या काळातली असेल तर ज्याला ज्याला ती कळली त्याच्यावर पोलिसांना कळवायची कायदेशीर जबाबदारी येते. संस्थाप्रमुखानं आपल्या हाताखालच्या माणसाबाबत ती टाळली तर एक वर्षापर्यंत कैद आहे. तेव्हा ‘आधी चर्चमध्ये बोलू, पोलिसांचं बघू नंतर’ हा पर्याय अशा प्रकरणात कागदोपत्री उरतच नाही. आणि ‘आपसात मिटवू’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगा, की समझोता झाला म्हणून उच्च न्यायालयानं रद्द केलेला असा एक गुन्हा सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा जिवंत केला.

दिवाणी दाव्याबद्दल फार लिहिण्यात अर्थ नाही. नुकसानभरपाईचा दावा साधारण तीन वर्षांत लावायचा असतो; अज्ञान (अल्पवयीन) असताना घडलं तर अठरानंतर तीन वर्षं, म्हणजे एकविसाव्या वर्षी दार बंद. दाव्यातला उशीर माफ करायची सोय मुदतीच्या कायद्यात नाही. लॉस एंजेलिसच्या आर्चडायोसिसनं २०२४ मध्ये ८८ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं, अशी बातमी न्यू जर्सीतल्या भाच्यानं पाठवली की इथे लोक विचारतात, आपलं का नाही? कारण कॅलिफोर्नियात, न्यूयॉर्कमध्ये विधिमंडळांनी जुन्या दाव्यांसाठी मुदतीची खिडकी मुद्दाम उघडली. भारतात तशी खिडकी कोणी उघडलेली नाही. अत्याचार अमेरिकेत झाला असेल तर गोष्ट वेगळी, तिथल्याच वकिलाला विचारा.

पैशांचा इथला रस्ता फौजदारी खटल्याच्या पोटातून जातो. पोक्सोचं विशेष न्यायालय एफआयआरनंतर अंतरिम भरपाईही देऊ शकतं, निकालाची वाट न बघता. महाराष्ट्रात मनोधैर्य योजना आहे, ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत चालते. हे पैसे सरकार देतं, चर्च नाही. काहींना हे खटकतं, मलाही खटकतं.

माझं मत विचाराल तर: घटना २०१२ नंतरची असेल तर ठाणं आधी, चर्च त्याच आठवड्यात. आधीची आणि ३७६-३७७ मधली असेल तरी तसंच, फक्त वकील सोबत घेऊन. आधीची आणि ३५४ च्या पातळीची असेल, आरोपी अजून मुलांमध्ये वावरत असेल, तर चर्चची लेखी तक्रार हेच तुमचं धारदार हत्यार आहे. डिसेंबर २०१९ मध्ये अशा प्रकरणांवरची ‘पोपची गुप्तता’, म्हणजे फाईल बाहेर न देण्याचा चर्चचा नियम, उठली, त्यामुळे ती फाईल उद्या पोलिसांना आणि कोर्टालाही मागवता येते. आरोपी वारलेला असेल तर खटला होत नाही. तिथेही चर्चच्या दप्तरी नोंद व्हावी म्हणून जाणारे लोक मी पाहिलेत, आणि त्यांचं जाणं मला फुकट वाटलं नाही.

वकिलाचा खर्च परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर १५१०० आहे. स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, बहुतेक पुरुषांना उत्पन्नाची मर्यादा आहे. रात्री झोप उडत असेल तर टेली-मानसचा १४४१६.

आणि वयाचा पुरावा. घटनेच्या वेळी तुम्ही लहान होता हे सिद्ध करायचं, म्हणून बाप्तिस्म्याचा दाखला आणायला त्याच चर्चच्या खिडकीवर उभे राहिलेले लोक मला भेटलेत. जाऊ नका. कायदा आधी शाळेची किंवा मॅट्रिकची नोंद बघतो, ती नसेल तर नगरपालिकेचा जन्मदाखला. आईच्या ट्रंकेत शाळा सोडल्याचा दाखला सापडला तर त्याच्या दोन झेरॉक्स काढून ठेवा.