सांगलीतली रक्तपेढी : माझं रक्त घेतलं नाही म्हणून पाच स्टार

आम्ही तासगावचे. धाकट्या भावाला एएमएल निघाला, म्हणजे ब्लड कॅन्सर. मिरजेत केमो चालू होती, प्लेटलेट दहा हजारावर आलेल्या आणि हिरड्यांतनं रक्त यायला लागलं. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, एसडीपी आणा, म्हणजे सिंगल डोनर प्लेटलेट. यात एकाच माणसाच्या प्लेटलेट मशीननं काढून घेतात आणि बाकीचं रक्त त्याला परत देतात, आणि साध्या रक्तदानातल्या पाच-सहा पिशव्यांचं काम ही एकच पिशवी करते, हे मला तिथंच कळलं.

मी बाही वर करूनच आत गेलो. माझं ओ पॉझिटिव्ह, भावाचं बी पॉझिटिव्ह, ओ कुणालाही चालतं एवढंच डोक्यात. काउंटरवरच्या टेक्निशियन मॅडमनी विचारलं, पेशंट तुमचा कोण? सख्खा भाऊ म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. "डॉक्टर ट्रान्सप्लांटचं काही बोललेत का?" बोलले होते, केमोनंतर बघू म्हणून. "मग दादा, तुमचं नको. उद्या ट्रान्सप्लांटला तुमच्याच स्टेम सेल, म्हणजे रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी, लागल्या तर? आत्ता तुमचं रक्त गेलं तर त्याचं शरीर तुमच्या पेशी ओळखून ठेवेल आणि नंतर नाकारेल. घरातल्या कुणाचंच नको." आणि ओ कुणालाही चालतं ते लाल पेशींचं, प्लेटलेटच्या पिशवीत प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पिवळा पातळ भाग, असतो म्हणून शक्यतो त्याच ग्रुपचा डोनर आणा, हेही सांगितलं.

खरं सांगतो, मला राग आला. भाऊ तिकडं रक्त थुंकतोय आणि ह्या नातं विचारत बसल्यात. पण त्यांनी तिथूनच आमच्या डॉक्टरांना फोन लावला, तेही हेच म्हणाले. आदल्या आठवड्यात दुसऱ्या एका ठिकाणी चुलतभावाचं रक्त घेऊन भावालाच लावलं होतं, नातं कुणी विचारलंच नव्हतं. नातेवाइकाचं रक्त द्यायचंच झालं तर ते इरॅडिएट करावं लागतं, म्हणजे त्याला किरण द्यावे लागतात, नाहीतर त्यातल्या पांढऱ्या पेशी पेशंटवरच उलटू शकतात. हे कळल्यावर माझे हातपाय गार पडले.

मग गावच्या तालमीतली चार बी ग्रुपवाली पोरं आणली. एकाला परत पाठवलं, कारण द्राक्षबागेत काम करून पाठ दुखत होती म्हणून त्यानं आदल्या रात्री ॲस्पिरिन घेतलेली, तीन दिवस चालत नाही. दुसरा मशीनवर दीड तास होता, मधेच ओठांना मुंग्या आल्या म्हणाला तर लगेच कॅल्शियमची गोळी दिली. रक्त गोठू नये म्हणून जे औषध मशीनमध्ये घालतात त्यानं तसं होतं म्हणे. पिशवी हातात घेतली तर कोमट आणि हळदीच्या पाण्यासारखी पिवळी. या पिशव्या फ्रीजमध्ये ठेवत नाहीत, वीस ते चोवीस डिग्रीला झुलणाऱ्या ट्रेवर ठेवतात आणि पाच दिवसांत वापराव्या लागतात. म्हणून डेंग्यूच्या सीझनला सगळीकडे बोंब होते.

तक्रार एकच, रात्री काउंटरला एकच माणूस असतो, बिल करायलाही तोच आणि पिशवी द्यायलाही तोच, बाहेर नातेवाईक जीव मुठीत धरून उभे. अजून एक माणूस ठेवाच.

पुढं ट्रान्सप्लांटसाठी माझं आणि भावाचं एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखीच्या खुणा, जुळलं, सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळायचा चान्स चारात एक. पुण्याला मला चार-पाच दिवस इंजेक्शनं दिली, हाडं ठणकली, मग तशाच मशीनवर स्टेम सेल काढल्या. तिथले डॉक्टर सांगत होते, या ट्रान्सप्लांटचा पाया घालणाऱ्या डोनॉल थॉमसना 1990 ला नोबेल मिळालं आणि आपल्याकडं मुंबईत टाटा हॉस्पिटलमध्ये 1983 लाच डॉ. अडवाणींनी ट्रान्सप्लांट केलं होतं. आम्ही ऐकत होतो पण लक्ष सगळं भावाच्या रक्तपेशींच्या काउंटच्या कागदाकडं, तो काउंट तिसऱ्या आठवड्यात वर सरकला.

मागच्या महिन्यात भावाला एक बाटली रक्त लागलं तर परत इथंच आलो. फॉर्मवर मी सवयीनं बी पॉझिटिव्ह लिहिलं. त्याच मॅडम होत्या. आधी ट्रान्सप्लांटचे कागद मागितले, सॅम्पल तपासलं आणि माझं लिहिलेलं खोडून लाल पेनानं ओ लिहिलं. म्हणाल्या, "आता तुमचंच रक्त बनतंय त्याच्या अंगात."