रिकर्व्हसाठी बाण: अ‍ॅल्युमिनियम घ्यावेत की कार्बन?

लेकरासाठी रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं ऑलिंपिकचं, धनुष्य घेतलं की लातूर, बीड, परभणीकडचे पालक लगेच कार्बनच्या बाणांची चौकशी करतात, कारण मोठ्या स्पर्धांत तेच दिसतात. माझं मत स्पष्ट आहे: पहिलं वर्ष-दीड वर्ष अ‍ॅल्युमिनियमच.

कारण आहे वाढतं वय. बारा-तेरा वर्षांच्या मुलाचे हात लांबतात, तशी ओढही, म्हणजे दोरी मागे खेचण्याचं अंतरही, वाढते. बाण आखूड पडला तर ओढताना तो रेस्टच्या, म्हणजे धनुष्यावर बाण टेकवायच्या आधाराच्या, मागे घसरतो आणि सुटताना धनुष्य धरलेल्या हातात घुसू शकतो. शिवाय पाउंडेज, म्हणजे धनुष्य ओढायला लागणारा जोर, वाढलं की स्पाइन, म्हणजे बाणाचा ताठपणा, बदलावा लागतो. वर्षभरात बदलायचीच वस्तू महाग कशाला घ्यायची?

आकड्यांत गफलत होते, म्हणून सांगतो. कार्बनवर 600 किंवा 800 लिहिलेलं असतं. आकडा जितका लहान, तितका बाण ताठ. अ‍ॅल्युमिनियमवरचा 1716 वेगळा वाचायचा: जाडी 17/64 इंच आणि नळीची भिंत इंचाचे 16 हजारावे भाग. दोन्ही आकडे एकमेकांशी ताडून बघू नका.

बिघाडाची तऱ्हाही वेगळी. अ‍ॅल्युमिनियम वाकतं; सपाट काचेवर लोळवलं की डोळ्यांना दिसतं. कार्बनला बारीक चीर जाते, ती सहज दिसत नाही. माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीच्या बाणाला नॉकच्या, म्हणजे दोरीत अडकणाऱ्या खाचेच्या, खालीच अशी चीर होती, आधी दुसरा बाण घासून गेला होता. हलकेच वाकवल्यावर करकर आवाज आला, म्हणून कळलं. तो बाण सुटताना फुटला असता तर कार्बनच्या सळ्या थेट हातात गेल्या असत्या. कार्बन वापरणाऱ्या मुलाला ही तपासणी रोज करता आली पाहिजे, नाहीतर देऊच नका.

पावसाळ्यात आपल्या काळ्या रानात चुकलेला बाण गवताखाली शिरतो. मेटल डिटेक्टरला अख्खं अ‍ॅल्युमिनियम सापडतं, कार्बनचं मात्र बहुधा टोकच.

अंतर वाढलं की पारडं फिरतं. ऑलिंपिकचं अंतर 70 मीटर. कमी पाउंडेजच्या धनुष्यातून जड अ‍ॅल्युमिनियमचा बाण तिथवर न्यायचा तर साइट, म्हणजे धनुष्यावरची नेम धरायची खूण, इतकी खाली येते की नेम धरणंच अवघड. हलका, बारीक कार्बन तिथे सहज पोचतो आणि उघड्या मैदानावरचं वारंही त्याला कमी ढकलतं. 50 मीटरच्या पुढे सराव सुरू झाला आणि उंची स्थिरावली, की खुशाल कार्बन घ्या.

टोक गोळीच्या आकाराचं घ्या, ते बट्रेसमधून, म्हणजे निशाण लावलेल्या गादीतून, अलगद निघतं. ते हॉट मेल्टने, म्हणजे गरम करून लावायच्या डिंकाने, बसवताना उष्णता टोकाला द्या, कार्बनच्या नळीला नको. तिची राळ जळते. ऑनलाइन दिसणारी पातीची शिकारी टोकं मात्र घेऊच नका. ती बट्रेस फाडतात, आणि आपल्याकडच्या काळवीट-चिंकाऱ्यांची शिकार 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, नुसता प्रयत्न केला तरी.

70 मीटरच्या पात्रता फेरीत एका एंडला, म्हणजे एका पाळीत, 6 बाण मारतात. त्यामुळे अ‍ॅल्युमिनियम असो वा कार्बन, एकाच मापाचे निदान 8 घ्या.