हातकागदाची चित्रवही : ३६५ चित्रांनंतरचा अभिप्राय

१ जून २०२४ ते ३१ मे २०२५ या काळात मी रोज एक जलरंगातील चित्र काढले आणि ती सर्व चित्रे एकाच प्रकारच्या वहीत काढली. सुती चिंध्यांच्या लगद्यापासून हाताने केलेल्या २०० जीएसएम (चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाच्या) कागदाची, ३२ पानांची ही वही पुण्याच्या पेठेतील एका दुकानात तेव्हा ४५० रुपयांना मिळत होती. पानाच्या एकाच बाजूस चित्र काढत गेल्यामुळे मला अशा १२ वह्या लागल्या. पहिल्याच आठवड्यात अभिप्राय लिहिला असता तर तो निव्वळ कौतुकाचा झाला असता. म्हणून वर्ष पुरे होण्याची वाट पाहिली.

या वहीचे खरे मोल तिच्या कागदात आहे. सुताचे तंतू लांब आणि चिवट असल्यामुळे ओल्या कुंचल्याने रंग पुन्हा उचलला, तोच भाग दोनतीनदा धुतला, तरी पृष्ठभाग सुटत नाही, आणि रोज चुकणाऱ्या माणसाला एवढा आधार फार मोठा वाटतो. कोरड्या कुंचल्याचा फटकारा या खरबरीत पृष्ठावर असा उमटतो की जुन्या भिंतीचा गिलावा वेगळा रंगवावाच लागत नाही. मात्र दोन पाने सारख्या जाडीची नसतात. त्याचे कारण मला शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत समजले. महात्मा गांधींच्या प्रेरणेने १९४० मध्ये सुरू झालेल्या या संस्थेत कारागीर लगद्याच्या पाण्यातून साचा वर उचलतो, तेव्हा कागदाची जाडी त्याच्या हाताच्या अंदाजावर ठरते, हे तिथे प्रत्यक्ष पाहिल्यावर पानांतील फरकाबद्दलची माझी कुरकुर थांबली.

बारीक निबेने रेखाटन करणाऱ्यांनी मात्र ही वही घेऊ नये. पूर्वी जुन्नर आणि दौलताबाद येथे होणारा हातकागद घोटून गुळगुळीत केलेला असे, त्यामुळे त्यावर बोरू अडखळत नसे. हा कागद घोटलेला नाही आणि निबेच्या टोकाला त्याचे तंतू अडकतात.

दोन तक्रारी नोंदवणे आवश्यक आहे. पहिल्या दोन वह्यांची पाने केवळ सरसाने चिकटवलेली होती आणि ती महिनाभरात सुटू लागली. तिसरीपासून मी जास्तीचे पैसे देऊन जुजबंदी शिलाई (दुमडलेल्या पानांचे गठ्ठे दोऱ्याने शिवणे) करून घेतली, जी खरे तर मुळातच असायला हवी. दुसरी तक्रार पावसाळ्याची. ऑगस्टमध्ये वापरलेल्या वहीच्या काही पानांवर खळ, म्हणजे कागदाने रंग शोषून घेऊ नये म्हणून दिलेला लेप, नीट बसलेली नव्हती, त्यामुळे रंग टिपकागदावर पसरावा तसा पसरला आणि पुढे त्या पानांवर तपकिरी ठिपकेही आले. त्यानंतर वह्या घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवल्या आणि हा त्रास पुन्हा झाला नाही.

रोजच्या सवयीसाठी वहीचा आकार अगदी योग्य आहे, कारण अर्ध्या तासात पान भरते आणि झोपण्यापूर्वी चित्र पुरे झाल्याचे समाधान मिळते. परंतु फेब्रुवारीत नववी वही उघडून आधीच्या आठ वह्या चाळल्या, तेव्हा ध्यानात आले की अर्ध्या तासात बसेल तेवढेच मी पाहू लागलो होतो : लिंबू, काचेचा पेला, खिडकीतील तुळशीची कुंडी. पाणी आणि रंग यांचे प्रमाण हाताला कळू लागले होते, कोऱ्या पानाची भीती गेली होती, पण ज्या चित्राला चार दिवस लागतील असा एकही विषय मी निवडला नव्हता. पहिल्या चार महिन्यांचा पावसाळा डोळ्यांसमोरून गेला आणि त्यातले आभाळ एकाही पानावर नव्हते. हा वहीचा दोष नाही. तिने मला रोज बसायला शिकवले, आणि ते शिकून झाल्यावर तिथेच बसून राहणे मला योग्य वाटेना.

म्हणून ३१ मे रोजी थांबलो. बाराव्या वहीत १९ पाने कोरी उरली आहेत आणि ती संपेपर्यंत तरी चालू ठेव, असे घरच्यांनी सुचवले. पण ती पाने भरण्यासाठी मी पुन्हा लिंबूच काढले असते. १ जूनच्या रात्री साडेनऊला हात सवयीने कुंचल्याकडे गेला. चुकल्याचुकल्यासारखे वाटले, तरी मी वही उघडली नाही.

ज्यांना रोज चित्र काढण्याची सवय लावायची आहे आणि जे कुंचल्यानेच काम करतात, त्यांनी ही वही जरूर घ्यावी; शिलाई तेवढी आधी तपासावी आणि पावसाळ्यात एका वेळी एकच विकत घ्यावी. मी त्याच दुकानातून याच जातीच्या कागदाचा २२ बाय ३० इंचांचा पूर्ण ताव आणला आहे. ओंकारेश्वराजवळच्या मुठेच्या काठाचे चित्र त्यावर सुरू करून आठ दिवस झाले. आभाळाचे तीन थर देऊन झाले आहेत. नदीच्या पाण्याला अजून हात लावलेला नाही.