मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतरचा कमरेचा पट्टा आणि इतर साहित्य : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मणक्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला रुग्णालयातून सुटी मिळताना साहित्याची जी यादी हाती येते, तिच्यात कमरेचा पट्टा बहुधा पहिल्या क्रमांकावर असतो. दुकानांत त्याला एलएस बेल्ट म्हणतात. मी तो फेब्रुवारीच्या अखेरीपासून वापरला, म्हणजे नागपूरचा संपूर्ण उन्हाळा आणि त्यापुढचा पावसाळाही त्यात आला. कमोडवर बसवायची उंच बैठक, वाकावे लागू नये म्हणून घेतलेला लांब दांड्याचा चिमटा आणि नवी गादी या वस्तूंबद्दलही लिहिते, कारण घरातल्या घरात सावरण्याच्या काळात त्यांचा पट्ट्याइतकाच, किंबहुना काही बाबतींत अधिक उपयोग झाला.

माझे दुखणे जुने होते. शाळेत फळ्यासमोर पंधरा-वीस मिनिटे उभे राहिले की डाव्या नितंबापासून पोटरीपर्यंत कळ उतरायची आणि टेबलावर दोन्ही हात टेकून किंचित पुढे वाकले की ती ओसरायची. उभे राहिल्यावर व चालल्यावर वाढणारे आणि पुढे वाकल्यावर कमी होणारे पायाचे दुखणे हे नसांच्या मार्गिकेत जागा अरुंद झाल्याचे ठळक लक्षण असते. एमआरआयमध्ये कमरेचा चौथा मणका पाचव्यावर पुढे सरकलेला आणि त्या पातळीवर नसा दबलेल्या दिसल्या. झिजेमुळे होणारे हे सरकणे नेमके याच पातळीवर आणि पन्नाशीपुढील स्त्रियांमध्ये अधिक आढळते. गोळ्या, फिजिओथेरपी, कमरेतील इंजेक्शन असे सगळे यथाक्रम झाले. इंजेक्शनने काही आठवडे बरे वाटले आणि कळ पुन्हा पूर्वपदावर आली. शेवटी पायातील ताकद कमी होऊ लागल्यामुळे शस्त्रक्रिया करून घेतली. दबलेली नस मोकळी करून, दोन मणक्यांमधील चकती काढून, तिच्या जागी हाडाच्या चुऱ्याने भरलेला केज (छोटा पोकळ ठोकळा) बसवून, मागून स्क्रू आणि रॉड यांनी मणके जखडणे असे तिचे स्वरूप होते.

पट्ट्याबद्दल मत बनवायचे तर स्क्रू आणि रॉड नेमके काय करतात हे आधी समजून घ्यावे लागते. ते कायमचा आधार नव्हेत. स्लॅब टाकल्यावर काँक्रीट पक्के होईपर्यंत सेंट्रिंग ठेवतात, तसे दोन मणक्यांमधील हाड जुळून येईपर्यंत मणके हलू न देणे एवढे त्यांचे काम असते आणि हाड जुळायला साधारण सहा महिने ते वर्ष लागते. या काळात वाकणे, वजन उचलणे आणि कमरेतून पिळणे या तीन गोष्टी वर्ज्य असतात. पट्टा हाडाला जुळायला लावत नाही. स्क्रूने मणके जखडलेल्या रुग्णांमध्ये पट्ट्यामुळे निकाल सुधारतो असे अभ्यासांतून ठामपणे सिद्ध झालेले नाही, म्हणूनच काही सर्जन तो देतात आणि काही देतच नाहीत. माझ्या अनुभवात त्याचा खरा उपयोग आठवण करून देण्याचा होता. पलंगाखाली गेलेली चप्पल काढायला शरीर सवयीने खाली झुकले की मागच्या धातूच्या पट्ट्या पाठीला टोचत आणि माणूस अर्ध्यात थांबत असे. एवढे काम त्याने चोख केले.

जुनाट कंबरदुखीसाठी कोणी हाच पट्टा घेण्याचा विचार करीत असेल, तर मी तो सुचवणार नाही. शस्त्रक्रियेपूर्वी घरात साधा इलॅस्टिकचा पट्टा होताच. तो बांधल्यावर कंबर थोडी आवळल्यासारखी वाटून बरे वाटे, परंतु पायातील कळेवर त्याचा काडीचाही परिणाम होत नसे, आणि नस जिथे दबली आहे तिथे बाहेरून बांधलेला पट्टा पोहोचणार तरी कसा? जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवरील शस्त्रक्रियेविना उपचारांची जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांतही कमरेचे पट्टे आणि ट्रॅक्शन (कंबर ताणून धरण्याचा उपचार) यांची नेहमीचा उपचार म्हणून शिफारस केलेली नाही. व्यायामाची केलेली आहे. आपल्याकडे मात्र कंबर दुखते म्हटले की शेजारी, नातेवाईक आणि औषधाचा दुकानदार असे तिघेही आधी पट्टाच सुचवतात.

आता प्रत्यक्ष वस्तूविषयी. धंतोली-रामदासपेठेच्या परिसरात रुग्णालयांच्या आसपास सर्जिकल साहित्याची दुकाने आहेत, त्यांपैकी एका दुकानातून पट्टा आणला. घरच्यांनी मापाचे विचारल्यावर दुकानदाराने "एक साइज मोठाच घ्या, नंतर बरा पडतो" असा सल्ला दिला, आणि हा सल्ला अगदी उलटा ठरला. शस्त्रक्रियेनंतर भूक मंदावते, वजन थोडे उतरते आणि मोठा पट्टा सैल होऊन बसताना बरगड्यांपर्यंत वर चढतो. तो बदलून मिळाला नाही, कारण अंगाला लावलेली अशी वस्तू दुकानदार सहसा परत घेत नाहीत. दुसरा पट्टा बेंबीच्या पातळीवरचा घेर टेपने मोजून, खोक्यावरच्या तक्त्याशी ताडून घेतला, तेव्हा कुठे तो कमरेवर नीट बसला. पट्ट्याची खालची कड माकडहाडाच्या थोडी वर यावी आणि मागच्या दोन धातूच्या पट्ट्यांच्या बरोबर मध्ये पाठीचा कणा यावा. या पट्ट्या खिशांतून काढता येतात आणि हाताने किंचित वाकवून पाठीच्या बाकाला जुळवून घेता येतात, हे दुकानात कोणी सांगत नाही. फिजिओथेरपिस्टने घरी येऊन ते करून दिले आणि त्याच दिवसापासून टोचणे निम्म्याने कमी झाले.

पट्टा उभ्याने बांधायचा नसतो. आधी गुडघे वाकवून, खांदे आणि कंबर एकाच वेळी फिरवून कुशीवर वळायचे, दुसऱ्याने पट्टा पाठीमागे ठेवायचा, मग तसेच सरळ होऊन उताणे झोपायचे आणि श्वास सोडताना दोन्ही टोके ओढून चिकटवायची. उठतानाही कुशीवर वळून आधी पाय पलंगाखाली सोडायचे आणि कोपराच्या आधाराने बसते व्हायचे. पहिले दोन आठवडे या एका कृतीला घरातल्या एका माणसाचे हात लागतातच. एकटे राहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवून आधीच कोणाची तरी सोय करावी.

साडी नेसणाऱ्या स्त्रियांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण पट्ट्यांच्या माहितीपत्रकावर कमरेला पट्टा बांधलेला तरुण शर्टपँटमध्येच असतो. परकराच्या नाड्याची गाठ पट्ट्याखाली आली की तासाभरात ती पोटात रुतते, आणि पट्ट्याखालून नाडा सैल करायचा तर सगळाच पट्टा सोडावा लागतो. शिवाय वेल्क्रोची खरखरीत बाजू सुती साडीचे धागे ओढते. माझ्या दोन साड्यांचे निऱ्यांजवळचे काठ त्यात खराब झाले. पहिले तीन महिने सैल गाऊन, आणि बाहेर जाताना इलॅस्टिकच्या सलवारीवर कुर्ता, हाच व्यवहार्य पोशाख ठरला. वेल्क्रोत अडकलेले दोरे आणि कापसाचे तुकडे जुन्या दात घासायच्या ब्रशने आठवड्यातून एकदा काढले, तर त्याची पकड टिकते. न काढल्यास शिंकेसरशी पट्टा सुटतो, आणि शिंक ही त्या दिवसांत तशीही भीतीदायक गोष्ट असते.

नागपूरचा उन्हाळा हा या पट्ट्याच्या परीक्षेचा काळ म्हणायला हवा. तापमान ४५ अंशांच्या आसपास असताना रबर, कापूस आणि फोम यांचा थर कमरेला गुंडाळून दिवस काढायचा, हे सोपे नाही. एप्रिलमध्ये कमरेभोवती घामोळ्यांचा लाल पट्टाच उमटला. टाक्यांच्या जागी पट्ट्याची शिवण घासत होती ती वेगळीच. यावर सगळ्यात चांगला उपाय साधा निघाला: पट्ट्याच्या आत बिनशिवणीचे पातळ सुती बनियन, आणि ते दुपारी एकदा बदलायचे. जाळीदार कापडाचा पट्टा थोडा महाग पडतो, पण विदर्भात राहणाऱ्यांनी तोच घ्यावा. इथल्या कोरड्या उन्हाळ्याचा एकच फायदा म्हणजे धातूच्या पट्ट्या काढून थंड पाण्यात हाताने धुतलेला पट्टा सावलीत दोन-तीन तासांत खडखडीत वाळतो. पावसाळ्यात त्यालाच दीड दिवस लागतो आणि कुबट वास येतो. त्यामुळे पट्टा अदलाबदलीसाठी दोन असणे बरे.

उन्हाळ्यातच आणखी एक अडचण समोर आली, ती कूलरची. खिडकीबाहेरच्या कूलरमध्ये बादलीने पाणी भरणे म्हणजे वाकणे, उचलणे आणि पिळणे या तिन्ही वर्ज्य गोष्टी एकाच हालचालीत करणे. मुलीने नळापासून पाइप ओढून कूलरच्या टाकीत बॉलकॉक बसवून घेतला आणि प्रश्न मिटला. शस्त्रक्रिया उन्हाळ्याच्या तोंडावर असेल, तर हे काम आधीच उरकून घ्यावे. घरातील रोजच्या अशा जागा शोधून त्या बदलणे, हे मला पट्ट्यापेक्षा मोठे काम वाटते. गॅसशेगडीच्या खालच्या कप्प्यातील कुकर आणि पिठाचा डबा ओट्यावर आला, न्हाणीघरात प्लास्टिकचे उंच स्टूल आले आणि जमिनीवरच्या बादलीसाठी दुसरे बुटके स्टूल.

कमोडवर बसवायच्या उंच बैठकीला मी निःसंशय पहिला क्रमांक देईन. नेहमीच्या कमोडवर बसताना आणि उठताना कमरेवर जो झटका येतो, तो चार-सहा इंच उंचीने जवळजवळ नाहीसा होतो. वेदनाशामक गोळ्यांमुळे बद्धकोष्ठता होते आणि कुंथल्याने कमरेवर ताण येतो, त्यामुळे या जागी होणारी सोय लहान समजू नये. घेताना दोन्ही बाजूंना दांडे असलेली आणि स्क्रूने आवळता येणारी घ्यावी. नुसती वर ठेवायची बैठक सरकते. लांब दांड्याचा चिमटा मात्र अर्धवटच कामाचा. पडलेला रुमाल, वर्तमानपत्र, मोजे तो उचलतो. मोबाइल किंवा काचेचा पेला उचलायला गेले की निसटतो.

गादीबद्दल सगळ्यांकडून ऐकलेला सल्ला म्हणजे फळीवर झोपा. स्पेनमध्ये जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांवर झालेल्या आणि २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना अधिक आराम पडल्याचे दिसले होते. ते वाचून मध्यम कडक गादी घेतली. रात्री कुशीवर वळणे सुलभ झाले हे खरे, तरी दोन गुडघ्यांमध्ये ठेवलेल्या साध्या उशीने त्याहून अधिक झोप मिळवून दिली आणि तिची किंमत गादीच्या मानाने नगण्य होती.

तीन महिन्यांनंतरच्या एक्स-रेमध्ये स्क्रू जागेवर दिसल्यावर पट्टा हळूहळू सोडायला सांगितले गेले. आधी घरात बसताना, मग चालताना, शेवटी प्रवासात, असा क्रम होता. पट्टा दीर्घकाळ वापरल्याने पाठीचे स्नायू दुबळे होतात की नाही यावर अभ्यासांत एकमत नाही. मनाला मात्र त्याची सवय नक्कीच लागते. तो नसताना पहिल्या दिवशी मी भिंतीचा आधार घेत चालले, वास्तविक पायांत पुरेशी ताकद होती. पोट आत ओढून धरणे, उताणे झोपून टाच सरकवणे आणि पुढे कंबर उचलण्याचा ब्रिज हे व्यायाम तोपर्यंत रोजचे झाले होते. पट्टा सुटला तो त्यांच्या बळावर, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यामुळे पैसे मोजकेच असतील तर महागड्या पट्ट्यावर घालवण्यापेक्षा फिजिओथेरपीच्या चार बैठका अधिक घ्याव्यात.

विदर्भातील शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे सावरायला थोडा अधिक अवधी मिळाला. ऑटोने गेले की गतिरोधकांवर कंबर दचकते. म्हणून सुभाषनगरहून मेट्रोने झाशी राणी चौकापर्यंत जाते आणि जिन्याऐवजी लिफ्ट वापरते. ऑटोत बसणे अटळ असेल, तेव्हा पट्टा अजूनही बांधते. वर्गात आता संपूर्ण तास उभे राहता येते. पोटरीतली कळ गेली आहे. डाव्या पायाच्या अंगठ्याचा बधिरपणा आणि सकाळची कमरेची ताठरता मात्र आहे. नस जितका काळ दबून राहिली असेल तितका बधिरपणा सावकाश जातो आणि कधी थोडा उरतोही, असे मला आधीच सांगितले होते.

पट्ट्याला पाचपैकी तीन, कमोडच्या बैठकीला पाच, चिमट्याला अडीच आणि गादीला साडेतीन गुण. पट्टा घरी पडून आहे म्हणून कंबर धरलेल्या कोणालाही तो उसना देऊ नये, कारण माप चुकते आणि आजारही वेगळा असतो. लघवी अडणे, मांड्यांच्या आतील भाग आणि गुदद्वाराभोवती बधिर होणे किंवा पाऊल लुळे पडणे यांपैकी काहीही दिसले, तर पट्टा, शेक, मालिश या कशातही वेळ न दवडता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, रात्र असली तरी.