घरी येणारी फिजिओथेरपी: चार स्टार, एक रविवारचा कापला

बाबांची महाधमनी छातीत आतून फाटली, मज्जारज्जूचं रक्त अडलं आणि एका रात्रीत दोन्ही पाय गेले. ऑपरेशननंतर पाठीत बारीक नळी घालून मणक्यातलं पाणी काढलं, बीपी मुद्दाम चढतं ठेवलं. थोडी हालचाल परतली. पुढची भिस्त या घरपोच सेवेवर.

येणारी ताई वेळेची पक्की. पहिल्याच दिवशी तिने दाखवलं: पायाला टाचणी टोचली तर बाबांना पत्ता नाही, पण त्यांचे डोळे मिटलेले असताना तिने पायाचा अंगठा वर केला की खाली, ते बरोबर सांगतात. आईची गरम पाण्याची पिशवी तिने तिथल्या तिथे बंद केली. चटका बसला तरी कळणार नव्हतं!

तक्रार एकच. रविवारी न सांगता दुसराच माणूस पाठवतात. तो व्यायामापेक्षा चहाचं कौतुक जास्त करतो.