चार महिने मलम लावलं, पायाची नाडी इथे पाहिली

या दवाखान्याला पाचपैकी चार तारे.

फेब्रुवारीत पऱ्हाट्या उपटताना बाबांच्या अंगठ्यात खुट घुसला. जखम चिंचोक्याएवढी. तेवढ्यासाठी चार महिने दोन दवाखाने फिरलो. शुगर तीनदा तपासली (नाहीच निघाली), अँटिबायोटिक बदलून बदलून दिल्या, जखम तशीच. रात्री बाबा पाय खाटेखाली लोंबकळत ठेवून झोपायचे, वर घेतला की ठणका. आम्हाला वाटलं, उकाडा.

इथल्या डॉक्टरांनी पट्टी सोडायच्या आधी पावलावर बोटं ठेवली. नाडी लागेना. मग पेनासारखं डॉप्लर (रक्ताच्या वाहण्याचा आवाज ऐकवणारं यंत्र) लावून घोट्याचं प्रेशर घेतलं, ७०. दंडाचं १४०. भागाकार ०.५, ०.९ किंवा त्याखाली आला की पायाच्या रक्तनळ्या अरुंद झाल्या समजायचं. लोंबकळणाऱ्या पायाचंही कोडं सुटलं, पाय खाली असला की थोडं रक्त जास्त उतरतं. "ठिबकची नळी चोकली तं खत झाडाले पोचते का, काकाजी?" असं त्यांनी विचारलं. बाबा हसले. मी मनात अँटिबायोटिकच्या बिलांची बेरीज करत बसलो.

गोळ्या तीन दिल्या. अ‍ॅस्पिरिन, कोलेस्टेरॉलची अ‍ॅटॉरव्हास्टॅटिन आणि सिलोस्टॅझॉल १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, जेवणाआधी अर्धा तास. ही शेवटची लिहिण्याआधी हृदयाचा एको (सोनोग्राफी) करायला लावला, कारण हार्ट फेल्युअर असलेल्याला ती चालत नाही. पहिला आठवडा बाबांचं डोकं दुखलं, छातीत धडधडलं. शिवाय स्पष्ट सांगितलं की गोळीने चालताना पोटरी कमी दुखेल, पण बंद नळी उघडणार नाही. ती उघडायला नागपूरला जाऊन नळीत फुगा घालून घ्या (आत फुगवून नळी रुंद करतात), म्हणाले. हातचं गिऱ्हाईक दुसरीकडे पाठवणारा डॉक्टर मी तरी पहिल्यांदाच पाहिला. फुग्यानंतर तिसऱ्या आठवड्यात जखमेत लाल मांस दिसलं, दसऱ्यापर्यंत भरली. पट्टी करणाऱ्या ताईंचा हातही हलका, आवळून बांधत नाहीत.

बिडीवरून मात्र इथे फार बोलतात, तयारीने जा. बिडीने नळ्या आणखी आवळतात हे बाबांना पटलं, तरी म्हणतात, "पाय जाइन पण बिडी नाही जात." बंडलावरून चारवर आली आहे.

एक तारा कापला तो नंबरसाठी. नऊला नाव लिहिलं तर दोनला आत घेतात, बसायला टिनाचं शेड, मे महिन्यात तिथे माणूस भाजतो. मंगळवारी जाऊ नका, बाजार असतो, गाडी लावायला जागा मिळत नाही.