ईजीआरला पत्रा मारण्याऐवजी साफ केला: बीएस-४ डिझेल, पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत

आयडलिंगला आरपीएम खालीवर, दाबलं की काळा धूर, पिकअप मेलेला आणि चेक इंजिनचा दिवा. स्कॅनरवर पी०४०२, म्हणजे ईजीआरमधून (इंजिनचा थोडा धूर परत आत सोडणारी व्यवस्था) गरजेपेक्षा जास्त वायू जातोय. व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. गॅरेजमध्ये यावर ठरलेलं उत्तर मिळतं: पत्रा मारा, म्हणजे ईजीआरची वाट पत्र्याने कायमची बंद करा, कटकट संपली. इथे व्हॉल्व्ह काढून साफ केला. तेव्हापासून आयडलिंग एकसारखं आहे, पिकअप परत आला, दिवा पुन्हा लागलेला नाही. मायलेजमध्ये मात्र सांगण्यासारखा फरक नाही.

पत्रा का नको? सिलिंडरमध्ये ज्वाळेचं तापमान साधारण १५०० अंशांच्या वर गेलं की हवेतलाच नायट्रोजन ऑक्सिजनशी जुळून नायट्रोजन ऑक्साइड हे विषारी वायू भराभर तयार होतात. ईजीआर बाहेर निघालेल्या धुराचा काही भाग कूलरमधून गार करून परत इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत जाण्याच्या वाटेत सोडतो. त्यात ऑक्सिजन कमी, कार्बन डायऑक्साइड आणि वाफ जास्त. ते उष्णता शोषतात आणि ज्वाळेचा कडाका उतरतो. बदल्यात काजळी वाढते. तीच काजळी ब्रीदरमधून (इंजिनच्या आतली वाफ बाहेर काढणारी नळी) येणाऱ्या तेलाच्या वाफेत कालवली जाऊन डांबरासारखी चिकटते. म्हणजे जाम होणं या रचनेतच आहे, त्यात गाडी कमी अंतर, थंड इंजिनवर आणि ट्रॅफिकमध्ये चालत असेल तर लवकर.

पत्रा मारलेली गाडी पीयूसीत बिनबोभाट पास होते, कारण डिझेलला तिथे फक्त धुराची घनता मोजतात. बीएस-४ डिझेल कारला नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला ०.२५ ग्रॅम होती, बीएस-६ला ०.०८, पीयूसीच्या यंत्राला त्याचा पत्ताच नसतो.

साफ करताना इंजिन पूर्ण गार हवं. बॅटरीची निगेटिव्ह वायर आणि व्हॉल्व्हचा कनेक्टर काढायचा, मग बोल्ट. कार्बन क्लीनर मारून भिजू द्यायचं आणि नायलॉनच्या ब्रशने घासायचं. मोटर-सेन्सरच्या बाजूला फवारा जाता कामा नये. स्क्रूड्रायव्हरने व्हॉल्व्ह जबरदस्तीने ढकलला तर आतले प्लास्टिकचे गिअर तुटतात, तिथे बरेच व्हॉल्व्ह वाया जातात. गॅस्केट नवंच टाकावं. जुनं परत बसवलं की फुसफुस आवाज आणि बॉनेटखाली काजळी. शेवटी स्कॅनरने कोड पुसून व्हॉल्व्हची बंद स्थिती नव्याने शिकवून घ्यायची. ही पायरी गाळली तर साफ व्हॉल्व्हवरही दिवा लागू शकतो.

व्हॉल्व्ह उघडलाच आहे तर इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांचा भाग) टॉर्च मारून बघा. तिथे थर जाड असेल तर नुसत्या व्हॉल्व्हने पिकअप येत नाही, मॅनिफोल्ड उतरवावं लागतं. कूलंट घटतोय, बाहेर गळती नाही आणि पांढरा धूर येतोय, तर ईजीआर कूलर फुटल्याचा संशय घ्या; तो धुऊन उपयोग नाही, बदलावाच लागतो. साफसफाईनंतर थोड्याच दिवसांत तोच कोड परत आला तर मोटर किंवा पोझिशन सेन्सर गेलेला असू शकतो. स्कॅनरवर व्हॉल्व्ह उघडबंद करून तपासा आणि दोष तिथेच निघाला तर क्लीनरवर आणखी पैसे घालू नका, नवा व्हॉल्व्ह घ्या.